ब्रूस बोची : जिंकला त्यापेक्षा हरला जास्त, तरी चार वर्ल्ड सिरीज

पश्चिमवारा

इथे क्रिकेटचे धागे चारशे प्रतिसादांपर्यंत पळतात आणि बेसबॉलच्या धाग्यावर कुत्रंही फिरकत नाही, हे ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण पोटात मावत नाहीये.

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. मोसम आदल्याच दिवशी संपलेला. एकाच दिवसात दोन बातम्या: टेक्सस रेंजर्स आणि त्यांचा मॅनेजर ब्रूस बोची यांची फारकत झाली, आणि इकडे आमच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने बॉब मेल्विनला नारळ दिला. जायंट्सचा कारभार आता बस्टर पोझीकडे, जो बोचीच्या हाताखाली कॅचर (म्हणजे आपला विकेटकीपर) म्हणून वाढला. बे एरियातल्या आमच्या ग्रुपवर तासाभरात लोकांनी बोचीला विमानात बसवून आणलंही. माणूस सत्तर वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, हृदयात स्टेंट आहेत, त्याला कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

आधी हिशेब मांडतो, म्हणजे भांडायला सोयीचं. २८ मोसम मॅनेजर. १९९५ ते २००६ सॅन डिएगो पाद्रेज, २००७ ते २०१९ जायंट्स, मग तीन वर्षं घरी, मग २०२३ ते २०२५ रेंजर्स. नियमित मोसमात विजय २२५२, पराभव २२६६. म्हणजे आयुष्यभराची गोळाबेरीज चौदा सामन्यांनी उणे. आणि याच माणसाच्या नावावर चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे ऑक्टोबरातल्या अंतिम विजेतेपदाच्या मालिका! चार किंवा त्याहून जास्त जिंकलेले मॅनेजर आजवर सहाच झाले: केसी स्टेंगल, जो मॅकार्थी, कॉनी मॅक, वॉल्टर ऑल्स्टन, जो टोरी आणि हा.

माझं म्हणणं असं की १६२ सामन्यांचा मोसम ही खेळाडू विकत आणणाऱ्यांची परीक्षा असते. मॅनेजरचा पेपर ऑक्टोबरात, प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) असतो. आणि त्या पेपरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: पिचरला (म्हणजे बोलरला) आत्ता काढू की आणखी एका बॅटरसाठी ठेवू? काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटसारखं 'जरा दोन ओव्हर विश्रांती घे, मग दुसऱ्या टोकाने ये' चालत नाही. गेला तो गेला.

एक प्रसंग सांगतो. २० जुलै २०१०, लॉस एंजेलिस. डॉजर्स ५-४ ने पुढे, नववी इनिंग, जायंट्सची बॅटिंग, एक आउट, तिन्ही बेस भरलेले. डॉजर्सचा मॅनेजर जो टोरी आधीच बाहेर काढला गेलेला, म्हणून त्याच्या जागी डॉन मॅटिंगली बघत होता. तो माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) गेला, आपल्या पिचरशी, म्हणजे जोनाथन ब्रॉक्स्टनशी बोलला, परत निघाला. दोन पावलं गेल्यावर फर्स्ट बेसवाल्याने काहीतरी विचारलं, म्हणून वळून पुन्हा माउंडच्या मातीवर पाय ठेवला. झालं. नियम असा आहे की एका इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेलात तर त्याला काढावंच लागतं. पंचांचं लक्ष नव्हतं, मॅटिंगलीच्या गावी नव्हतं. समोरच्या डगआउटमधून बोची डुलत डुलत बाहेर आला आणि पंचांना म्हणाला, ही दुसरी भेट झाली. ब्रॉक्स्टन बाहेर. नवा पिचर जॉर्ज शेरिल हात मोकळा न करता धावत आला, त्याला सरावाचे आठ चेंडू मिळाले, आणि आंद्रेस टॉरेसने डबल (एका फटक्यात दोन बेस) मारून दोन रन आणले. जायंट्स ७-५ ने जिंकले. हीच चूक बोचीने २००६ मध्येही डॉजर्सचीच पकडली होती, पाद्रेजमध्ये असताना!

त्या मोसमात पाद्रेजला मागे टाकून गट जिंकायला जायंट्सना शेवटचा दिवस उजाडला होता. तो जुलैचा एक सामना हातचा गेला असता तर पुढचं सगळं कुठे असतं, करा विचार.

---

झेंडू

धागा आवडला, पण मी पुण्यात बसून वाचतेय आणि बेसबॉल म्हणजे मला फक्त 'अमेरिकन लोकांचं विटीदांडू' इतकंच माहीत. मूलभूत प्रश्न: हा मॅनेजर म्हणजे कॅप्टन का कोच का आपल्या टूरवर तिकिटं आणि बॅगा सांभाळायचे ते मॅनेजर? आणि तो फोटोत गणवेश घालून का बसलाय? सत्तर वर्षांचा माणूस बॅटिंगला जाणार आहे का?

---

पश्चिमवारा

झेंडूताई, प्रश्न मस्त आहे. गणवेशाची गंमत खरी आहे. फुटबॉलचा कोच सुटात, बास्केटबॉलचा कोट नाहीतर टीशर्टमध्ये, फक्त बेसबॉलचा मॅनेजर पाठीवर नंबर लावून बसतो. जुन्या काळी खेळणारा कॅप्टनच मॅनेजर असायचा, त्याचं हे शेपूट राहिलंय.

काम म्हणाल तर आपला कॅप्टन मैदानात जे ठरवतो (बोलिंग कुणाला, फील्डर कुठे, बॅटिंगचा क्रम काय) ते सगळं इथे मॅनेजर बाकावरून ठरवतो. खेळाडू विकत घेणं, करार करणं हे जनरल मॅनेजर नावाच्या वेगळ्या माणसाचं खातं. नावं सारखी आहेत म्हणून गोंधळ होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजारहाट एक जण करतो आणि स्वयंपाक दुसरा. पिशवीत काय आलंय त्यावर याला पान वाढायचं असतं.

---

निवांत_नाना

आज बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी.

बोचीच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीबद्दल थोडं. बॅकअप कॅचर. ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स, सॅन डिएगो मिळून ३५८ सामने, सरासरी .२३९, होमरन (आपला सिक्सर) २६. म्हणजे बहुतेक आयुष्य बाकावर. पण कॅचर हा एकच खेळाडू असा की ज्याचं तोंड बाकी आठ जणांकडे असतं. पिचरचा हात कधी थकला, चेंडू कधी वर राहायला लागला, हे पहिलं त्याला कळतं. बाकावरचा कॅचर तर नऊ इनिंग फक्त बघतच असतो. मग १९८९ पासून चार वर्षं खालच्या लीगमध्ये मॅनेजर: स्पोकॅन, रिव्हरसाइड, हाय डेझर्ट, विचिटा. बसचे प्रवास, मोटेल, विशीतली पोरं. त्यानंतर पाद्रेजचा थर्ड बेस कोच आणि १९९५ ला, चाळिशीत, मॅनेजर.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे चंदू पंडित. तोही विकेटकीपर. मुंबईला रणजी जिंकून दिली, मग विदर्भाला लागोपाठ दोन, मग २०२२ मध्ये मध्य प्रदेशला, तीही फायनलला मुंबईला हरवून. स्टार नसलेल्या पोरांना घेऊन. स्टंपांमागे बसणाऱ्यांना काहीतरी वेगळं दिसत असावं.

---

तिसरा_अंपायर

नाना, पंडित सरांची तुलना भावनिक आहे. ते ज्या संघात गेले तिथला निकाल बदलला. बोचीचं तसं नाही, आणि धागाकर्त्याने आकडे सोयीने मांडलेत.

ऑक्टोबरचा पेपर म्हणता ना? पाद्रेजबरोबर बोचीचा प्लेऑफचा हिशेब ८ विजय, १६ पराभव. १९९६ मध्ये ०-३ ने बाहेर. १९९८ ला वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले, तिथे यांकीजने ४-० ने धुतलं. २००५ मध्ये पुन्हा ०-३, २००६ ला १-३. बारा वर्षं ऑक्टोबरातलं शहाणपण कुठे गेलं होतं? मग सॅन फ्रान्सिस्कोला आला, तिथे लिन्सेकम, केन, बमगार्नर हे पिचर आणि पोझीसारखा कॅचर आयता मिळाला आणि एकदम प्रतिभावंत झाला!

आणि २०१६ विसरायचं का? शिकागो कब्ज (Cubs) विरुद्ध चौथा सामना, घरच्या मैदानावर. मॅट मूरने आठ इनिंग फक्त दोन हिट दिले होते, आघाडी ५-२. नवव्या इनिंगला मूर बाहेर. त्या एका इनिंगमध्ये बोचीने पाच पिचर वापरले. पाच! चार रन गेले, ६-५ ने सामना गेला, मोसम गेला. कब्जनी त्या वर्षी १९०८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज उचलली. जो माणूस 'कधी काढायचं' याचा उस्ताद म्हणून सांगताय, त्यानेच हे केलंय.

---

पश्चिमवारा

अंपायरसाहेब, २०१६ ची ती इनिंग मी स्टेडियममध्ये बसून बघितलीय. मीठ चोळू नका.

मूरचे १२० चेंडू झाले होते हो. त्याला ठेवलं असतं आणि कुणी होमरन मारला असता तर तुम्हीच म्हणाला असता, १२० चेंडूंनंतर ठेवतात का? खरी गोष्ट ही की त्या वर्षी शेवटची इनिंग टाकायला भरवशाचा माणूसच नव्हता. मोसमभर नवव्या इनिंगला हातातले सामने जात होते. डेरेक लॉ, हाविएर लोपेझ, रोमो, विल स्मिथ, स्ट्रिकलंड, एकामागून एक. डब्यात जेवढी औषधं होती तेवढी सगळी देऊन बघितली. पण मान्य, ती रात्र त्याच्या नावावरच आहे.

पाद्रेजबद्दल मात्र अन्याय करताय. १९९८ ला ९८ सामने जिंकलेला संघ होता, समोर ११४ जिंकलेले यांकीज. त्या हिवाळ्यात केविन ब्राउन, केन कॅमिनिटी, स्टीव्ह फिनली असे सगळे गेले, आणि पुढे १९९९ ते २००३ अशी पाच वर्षं सलग पराभवाची. उणे चौदाचं मूळ तिथे आहे. मालकाने दुकान रिकामं केलं तरी गल्ल्यावर बसवलेला माणूस हाच. बारा वर्षं त्याला कुणी काढलं नाही, यातच काय ते समजा.

---

मोगरा_सनीवेल

मी या धाग्यावर भांडायला नाही, झीटोबद्दल लिहायला आलेय.

बॅरी झीटो. जायंट्सने सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर देऊन आणलेला पिचर, आणि आल्यापासून चाललाच नाही. आमच्या ऑफिसात कुणाचं प्रोजेक्ट पैसे खाऊन काही देत नसेल तर त्याला झीटो म्हणायचे, इतकी वाईट अवस्था. २०१० च्या प्लेऑफला बोचीने त्याला पंचवीस जणांच्या यादीतून सरळ वगळलं. तिन्ही फेऱ्यांना. संघातला सगळ्यात महागडा पिचर जॅकेट घालून बाकावर टाळ्या वाजवत बसला आणि संघ जिंकला. दुसरा कुणी असता तर रुसून दुसऱ्या गावी गेला असता, किंवा पेपरात काहीतरी बोलला असता.

२०१२. सेंट लुईसमध्ये जायंट्स १-३ ने मागे. आणखी एक हरलं की घरी. बोचीने चेंडू कुणाला दिला? झीटोला. मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेच नाही, म्हटलं कशाला बीपी वाढवायचं, पोळ्या लाटायला घेतल्या. नवऱ्याचा दर अर्ध्या तासाने हॉलमधून आवाज: 'अजून शून्य.' शेवटी पीठ लागलेल्या हाताने बाहेर येऊन बसले. पावणेआठ इनिंग म्हणजे सात इनिंग आणि दोन आउट, एकही रन नाही. वर स्वतः बंट टाकून (चेंडू नुसता बॅटने अडवून) एक रन आणला! ती मालिका जायंट्स जिंकले, मग वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात समोर डेट्रॉइटचा जस्टिन व्हरलँडर, आणि तोही झीटोने जिंकला. त्याच सामन्यात पाब्लो सँडोव्हालने तीन होमरन मारले म्हणून झीटो मागे पडला, पण मला तोच आठवतो.

त्याच वर्षी दोनदा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळवलेला टिम लिन्सेकम लय हरवून बसला होता, त्याला बोचीने बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या ताफ्यात) पाठवलं, मधल्या इनिंग टाकायला. तोही निमूट गेला आणि सुरेख टाकून आला. एवढ्या मोठ्या नावांना बाजूला बसवायचं आणि तरी ती माणसं आपलीच राहतात, हे मला जमत नाही. माझ्या टीममध्ये चारच पोरं आहेत आणि एकाचं काम दुसऱ्याला दिलं तर आठवडाभर कॅमेरा बंद ठेवतो.

---

साधा_वरणभात

वाचतोय. लेख + प्रतिसाद दोन्ही. कॅमेरा बंद ठेवणारा तो मीच :)

---

झेंडू

मोगराताई, पोळ्या लाटायचा किस्सा भारी! पण 'पावणेआठ' खटकलं. सात इनिंग आणि दोन आउट म्हणजे सात पूर्णांक दोन तृतीयांश ना?

---

मोगरा_सनीवेल

बरोबर गं, तीन आउटची इनिंग. पाऊणच्या जवळ म्हणून तोंडात बसलंय आमच्या. गणिताच्या बाई निघालीस!

---

डॅलसकर

तुम्ही सगळे जायंट्सवाले बोची म्हणजे तुमच्या घरचा गणपती असल्यासारखं बोलताय. आमची बाजूही ऐका.

२०१० मध्ये रेंजर्स इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचले. हरवलं कुणी? बोचीच्या जायंट्सने, ४-१. शेवटचा सामना आमच्याच आर्लिंग्टनला, सातव्या इनिंगमध्ये आमच्या पिचरला, क्लिफ लीला, एडगर रेंटेरियाने तीन रनांचा होमरन मारला. मी तिथे होतो. घरी जाताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, सेंट लुईसविरुद्ध सहावा सामना, दोन वेळा फक्त एका स्ट्राइकवर (तीन स्ट्राइक म्हणजे आउट) विजय होता. एकदा नवव्या इनिंगला, एकदा दहाव्या. दोन्ही वेळा निसटला. अकराव्यात डेव्हिड फ्रीझने होमरन मारून सामना संपवला, सातवाही गेला. त्यानंतर आमच्या मंडळात कोजागिरीचं दूध आटवताना कुणी 'एकच मिनिट राहिलंय' म्हणालं तरी माणसं दचकतात.

हा संघ १९६१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला, १९७२ ला टेक्ससला आला. २०२२ पर्यंत एकही विजेतेपद नाही. त्या वर्षी ९४ सामने हरलो. जनरल मॅनेजर क्रिस यंग, सहा फूट दहा इंचांचा माजी पिचर, २००६ मध्ये पाद्रेजकडून बोचीच्याच हाताखाली खेळलेला. तो नॅशव्हिलला बोचीच्या घरी गेला आणि तीन वर्षं नातवंडांत रमलेल्या माणसाला उठवून आणलं. आम्ही म्हटलं, झालं, आता पेन्शनर आणताहेत.

२०२३ ला ९० विजय. ऑगस्टमध्ये लागोपाठ आठ हरलो तेव्हा आमच्या ग्रुपवर शिव्यांचा पाऊस होता. गट शेवटच्या दिवशी ह्यूस्टनकडे गेला, त्यांचेही ९०, पण आपसातल्या सामन्यांत ते पुढे. म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या तिन्ही फेऱ्या परगावी सुरू. आणि मग काय झालं? परगावी ११ सामने, ११ विजय. टँपा २-०, १०१ सामने जिंकलेलं बाल्टिमोर ३-०, ह्यूस्टन ४-३ (त्या मालिकेत सातही सामने पाहुण्यांनी जिंकले!), ॲरिझोना ४-१.

मला एक गोष्ट लक्षात राहिलीय. ह्यूस्टनविरुद्ध पाचवा सामना आम्ही घरी जिंकत होतो. नवव्या इनिंगला होसे लक्लर्क टाकत होता, होसे अल्टुव्हेने तीन रनांचा होमरन मारला. अख्खं स्टेडियम गार. २-३ ने मागे, पुढचे दोन्ही सामने ह्यूस्टनला. सहाव्या सामन्यात आठव्या इनिंगला अडचण आली तेव्हा बोचीने फोन उचलून कुणाला बोलावलं? लक्लर्कलाच. माझा मेव्हणा तर उठून झोपायला गेला. बेस भरले, आणि लक्लर्कने स्ट्राइकआउट काढून इनिंग संपवली. झीटो २०१२ आणि लक्लर्क २०२३, मोगराताई, तीच गोष्ट आहे बघा. ज्याचं तोंड पोळलंय त्यालाच पुन्हा ताक द्यायचं.

---

तिसरा_अंपायर

डॅलसकर, पण लक्लर्कशिवाय तुमच्या बुलपेनमध्ये होतं कोण? त्या वर्षी रेंजर्सचं बुलपेन म्हणजे गळका माठ होता. पर्याय नसलेल्या माणसाने घेतलेल्या निर्णयाला धैर्य म्हणणं सोपं असतं, जिंकल्यावर.

आणि विजेतेपदानंतरचे दोन मोसम? ७८-८४ आणि ८१-८१. प्लेऑफला नाहीच. जायंट्सकडेही २०१४ नंतर, एक २०१६ सोडलं तर, हेच, २०१७ ला तर ९८ पराभव. २०१०, २०१२, २०१४ च्या मधल्या विषम वर्षांत प्लेऑफलाही नाही. 'सम वर्षांची जादू' म्हणे. मी याला नशीब म्हणतो. प्लेऑफ म्हणजे लॉटरी असते, कुणीतरी तीनदा-चारदा जिंकणारच.

---

निवांत_नाना

लॉटरी असेल तर ती जिंकणाऱ्यांची यादी बघा ना. शंभराहून जास्त वर्षांत सहा माणसं. आणि दोन्ही लीगमधल्या (अमेरिकन आणि नॅशनल) संघांबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकणारे तिघेच: स्पार्की अँडरसन, टोनी ला रूसा, बोची. प्लेऑफचा एकूण हिशेब ५७-३७. त्यातून तुमचे ते पाद्रेजचे ८-१६ वजा करा, उरतात ४९-२१. सत्तर सामन्यांत एकोणपन्नास. कुठल्या लॉटरीला असा भाव आहे ते सांगा, मीही तिकीट काढतो.

---

तिसरा_अंपायर

नको तो हिस्सा वजा करून सरासरी काढायची सोय असती तर मीही इंजिनिअरिंगला विशेष प्राविण्यात आलो असतो, नाना.

---

निवांत_नाना

:) हा मुद्दा तुमचा.

---

कोकणस्थ_वादळ

अवांतर: बोचीच्या डोक्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? शब्दशः डोकं म्हणतोय. टोपीचा नंबर ८ पूर्णांक १/८, बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या डोक्यांपैकी एक. खेळायचा तेव्हा संघ बदलला की नव्या संघाकडे त्याच्या मापाचं हेल्मेटच नसायचं. मग तो जुनंच घेऊन यायचा आणि त्याला नव्या संघाचा रंग फासायचे. आणि सामने जिंकल्यावर सहकारी त्याच हेल्मेटात बीअरचे कॅन थंड करत ठेवायचे म्हणे.

आणखी एक: जन्म फ्रान्समधला, १९५५ चा. वडील अमेरिकन लष्करात होते. म्हणून २०२२ मध्ये, रेंजर्सकडे जायच्या आधी, फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर म्हणून वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या पात्रता फेरीला जर्मनीत रेगन्सबुर्गला गेला होता. बाकीचे निवृत्त लोक गोल्फ खेळतात.

---

अनुस्वार

धागालेखकाने २०१४ चा सातवा सामना हातात असून लिहिला नाही याचा निषेध. जायंट्सचे चाहते आहात ना? ती तर बोचीची सर्वोत्तम रात्र.

---

पश्चिमवारा

अनुस्वार, राखून ठेवला होता, कारण त्यावर लिहायला बसलो की थांबत नाही. घ्या.

२९ ऑक्टोबर २०१४, कॅन्सस सिटी. मालिका ३-३. दिवाळी होऊन आठवडा झालेला, आमच्याकडे दहा-बारा माणसं, फराळाचा तळ राहिलेला: चिवड्यातले फक्त पोहे, दाणे कुणीतरी आधीच वेचलेले. बुधवार, पाचच्या सुमारास सामना, म्हणजे निम्मे लोक 'दातांच्या डॉक्टरकडे' गेलेले.

टिम हडसन, वय ३९, पहिली वर्ल्ड सिरीज. दुसऱ्या इनिंगलाच दोन रन दिले, २-२. दुसरा कुणी मॅनेजर म्हणाला असता, वयाचा मान ठेवू, सावरेल. बोची चालत निघाला. त्याची ती चाल म्हणजे आजोबा अंगणातून तुळशीकडे निघावेत तशी, एक एक पाऊल मोजत, गुडघे दोन्ही बाहेर. दुसऱ्या इनिंगमध्ये, दोन आउट असताना, सुरुवातीचा पिचर काढला! जेरेमी अफेल्ड आला. एरवी एखादी इनिंग टाकणारा माणूस, त्याच्याकडून सव्वादोन-अडीच टाकून घेतल्या. मधे जो पॅनिकने जमिनीवर झोकून देत चेंडू अडवला आणि हातात न घेता ग्लोव्हमधूनच शॉर्टस्टॉपकडे फेकून डबल प्ले सुरू केला. पंचांनी आधी पळणाऱ्याला सुरक्षित दिलं, बोचीने फेरतपासणी मागितली, निर्णय फिरला. चौथ्या इनिंगला मायकेल मोर्सने ३-२ केलं.

आणि पाचव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडून मॅडिसन बमगार्नर. त्याने रविवारी पूर्ण सामना टाकला होता, ११७ चेंडू, एकही रन न देता. मधे दोन दिवस विश्रांती. आमच्या घरी सगळ्यांचा अंदाज होता, दोन इनिंग टाकेल, मग रोमो, मग कासिया. सहावी झाली. सातवी झाली. दर इनिंगनंतर कॅमेरा बोचीवर जायचा, आणि तो सूर्यफुलाच्या बिया चघळत कठड्याला टेकून उभा. आठवी झाली. आयुष्यभर ज्याने पिचर बदलून बदलून सामने जिंकले, त्याने त्या रात्री पिचर बदलला नाही. हे मला त्याच्या सगळ्या निर्णयांत मोठं वाटतं. फोन हाताशी आहे, माणसं गरम होऊन बसलीयत, आणि तुम्ही काहीच करत नाही.

पहिल्या बॅटरला सिंगल दिल्यावर बमगार्नरने सलग चौदा जण आउट केले होते. नवव्या इनिंगला दोन आउट, आणि ॲलेक्स गॉर्डनने सिंगल मारला, तो सेंटर फील्डला ग्रेगोर ब्लांकोच्या बाजूने निसटला, मागे भिंतीपर्यंत. गॉर्डन तिसऱ्या बेसवर. बरोबरीचा रन नव्वद फुटांवर. आमच्याकडे कुणी श्वास घेत नव्हतं, फक्त एका मित्राची आई, भारतातून आलेली, खेळातलं ओ की ठो माहीत नाही, ती म्हणाली, 'अरे, त्या मुलाला आता तरी दमू द्या रे.' बोची हलला नाही. साल्वादोर पेरेझने चेंडू उंच उडवला, फाउल, सँडोव्हालने मागे जात झेलला आणि तिथेच उताणा पडला.

अंपायरसाहेब, यातही नशीब म्हणा. गॉर्डन धावत राहिला असता तर, वगैरे. म्हणा.

---

तिसरा_अंपायर

गॉर्डन धावला असता तर आउट झाला असता, जायंट्सचा शॉर्टस्टॉप क्रॉफर्ड याच्या हातात चेंडू आला होता. तेवढं मीही मानतो.

आणि बमगार्नरला ठेवणं बरोबर होतं. पण तो निर्णय आमची काकूही घेईल. तुमच्याच मित्राच्या आईने विरोध केला, एवढंच.

---

मोगरा_सनीवेल

ताजी बातमी. जायंट्सने टोनी व्हिटेलोला मॅनेजर केलं. टेनेसी विद्यापीठाचा कोच, व्यावसायिक बेसबॉलचा एका दिवसाचाही अनुभव नाही! बोचीला विमानात बसवणाऱ्यांनी आता उतरवून घ्या.

पोझीचं डोकं चाललंय काय कळत नाही. एकीकडे चार वर्ल्ड सिरीजवाला गुरू मोकळा, दुसरीकडे कॉलेजातली पोरं सांभाळणारा माणूस.

---

डॅलसकर

मोगराताई, १९९५ मध्ये पाद्रेजने बोचीला घेतलं तेव्हा तोही मॅनेजर म्हणून मोठ्या लीगमध्ये नवाच होता. निदान बस आणि मोटेल तरी पाहिली होती म्हणा. बघू.

---

झेंडू

काल रात्री दीड वाजेपर्यंत तो सातवा सामना यूट्यूबवर बघितला. अर्धं कळलं नाही, पण शेवटच्या दहा मिनिटांत पाय सोफ्यावर घेऊन बसले होते. आता एकच शंका. बमगार्नरने पाच इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही. मग धावफलकात विजय त्या अफेल्डच्या नावावर का? छापताना चुकलंय का?

---

पश्चिमवारा

नाही हो, चूक नाही. आघाडी घेतली तेव्हा पिचर अफेल्ड होता. त्या रात्री आधी विजय बमगार्नरच्या नावावर टाकला होता, मग अधिकृत स्कोअररने बदलून अफेल्डला दिला. बमगार्नरच्या नावावर लागला तो 'सेव्ह', म्हणजे आघाडी शेवटपर्यंत राखल्याचा मान. पाच इनिंगचा!